मामा गेटवर उभे आहेत

पूर्णिमानं डॉक्युमेंट्रीचा आराखडा सातव्यांदा लिहून दिला आणि शैलजा मॅडमनी तो सातव्यांदा परत केला. आधीच्या सहा वेळा निदान लाल रेघा तरी मारल्या होत्या. या वेळी त्यांनी वही उघडली, मिटली आणि तिच्यापुढे सरकवली.

“‘मोटरस्पोर्टमध्ये यायचं कसं’,” मॅडम म्हणाल्या. “लायसन कोण देतं, हेल्मेट कसलं लागतं, क्लबचं ऑफिस कुठे आहे. हे सगळं तर एंट्री फॉर्मच्या मागे छापलेलं असतं, बेटा. लोकांनी फिल्म कशाला बघायची? यात कोणाला काय हवंय, ते मला एका ओळीत सांग. सोमवारपर्यंत. नाहीतर विषय बदल, सराफा बाजारातल्या चाटवर काढ. दर वर्षी दोघं-तिघं काढतातच.”

सराफ्याचं नाव ऐकून पूर्णिमाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिनं वही उचलून पिशवीत टाकली. कोर्स नवा होता, कॉलेजकडे स्वतःचा कॅमेरासुद्धा नव्हता आणि मॅडमचं चुकत होतं अशातला भाग नव्हता. ती दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरली.

कोणाला काय हवंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिथेच तर सगळं घोडं अडलं होतं. आराखड्यातला हीरो होता तिचा दादा, सुजय. मिलमधल्या जॉबरचा, म्हणजे मागांवरच्या मुकादमाचा, मुलगा, सियागंजात नटबोल्टच्या दुकानात कामाला, जुनी यामाहा घेतो, गेल्या वर्षी मातीवरच्या शर्यतीत दुसरा येतो, पेपरात त्याचा अंगठ्याएवढा फोटो छापून येतो. आणि रॅलीत उतरायचं होतं पूर्णिमाला. क्लबची रॅली पुढच्या रविवारी होती, शहराबाहेर राऊपासून पुढे कच्च्या रस्त्यानं साठ किलोमीटर, आणि यंदा पहिल्यांदाच बायकांचा वेगळा वर्ग ठेवला होता. तिनं ऑफिसातून दोन फॉर्म आणले होते, एक दादासाठी आणि एक “रेफरन्सला”. रेफरन्सचा फॉर्म वहीच्या शेवटच्या पानात घडी करून ठेवला होता आणि त्यावर पेन्सिलीनं स्वतःचं नाव लिहिलं होतं. फॉर्म या शनिवारी पाचपर्यंत पोचवायचा होता. खाली एक रकाना होता, वय एकवीसच्या आत असेल तर पालकांची सही. पूर्णिमाला एकवीस पूर्ण व्हायला अजून सात महिने होते.

त्या रकान्यापायी तिचा उजवा पाय सतत हलत असे. वर्गात, जेवताना, देवापुढे बसली तरी. आई म्हणे, “पाय हलवू नकोस, घरातली लक्ष्मी जाते.” पूर्णिमाला वाटे, जायची ती केव्हाच गेली, आता हलवायला काय हरकत आहे.

तसं पाहिलं तर त्या घरात कोणाचाच पाय ठरत नव्हता. मिल बंद पडून अडीच वर्षं झाली होती. त्यांच्या परदेशीपुऱ्यात मिलचा भोंगा ऐकू येईनासा झाला, तरी तिचे बाबा, दिनानाथ, सकाळी पावणेसातला डबा न घेता घरातून निघत आणि मिलच्या गेटवर जाऊन उभे राहत. तिथे पाच-पंचवीस माणसं जमत. कोर्टाची तारीख, युनियनची सभा, दिल्लीचं नवं धोरण, मिल कोण विकत घेणार, असं बोलून बोलून तोंडं दुखली की बाराच्या सुमाराला घरी येत. मग दुपारभर खिडकी ते दार, दार ते खिडकी. आई, इंदुमती, साड्यांना फॉल लावायचं काम करी. तिचं शिवणाचं मशीन थांबलं की फेऱ्यांचा आवाज ऐकू येई, म्हणून ती ते थांबूच देत नसे.

दिनानाथ साचेखात्यात होते. साचे म्हणजे माग. एका छपराखाली चारशे साचे एकदम चालत तेव्हा शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी काही कळत नसे, म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत. चांगला जॉबर साठ पावलांवरून ओठ वाचायचा. कोणाचा धागा तुटला, कोणाला बिडी हवी आहे, कोण मॅनेजरच्या नावानं शंख करतोय, सगळं त्याला दिसायचं. दिनानाथांचा तर त्यात हात धरणारा कोणी नव्हता. सव्वीस वर्षांत कान निम्मे गेले आणि डोळे तेवढे तयार झाले.

ही बोली त्यांनी पूर्णिमाला पाचव्या वर्षीच शिकवली. सुजयला ती कधी जमली नाही आणि इंदुमतीनं शिकायचं साफ नाकारलं. “देवानं गळा कशाला दिलाय?” ती विचारी. बोलीत एक खोच होती. प, ब आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. त्यामुळे ‘मामा’ म्हटलंय की ‘बाबा’, हे नुसतं बघून सांगता येत नाही, मागचं-पुढचं ध्यानात घेऊन ठरवावं लागतं. एकदा एका लग्नात बँडच्या गोंगाटात दिनानाथांनी मांडवाच्या त्या टोकावरून लेकीला सांगितलं, मामा बोलावताहेत. सहा वर्षांची पूर्णिमा धावत बाबांकडेच आली आणि मामा बिचारा तिकडे नवा फ्रॉक घेऊन ताटकळत राहिला. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की शेजाऱ्यांनाही पाठ होती.

मिल बंद पडली त्या महिन्यात इंदुमती एकदा चिडून म्हणाली, “आता कुठे साचे चालू आहेत? आवाज काढून बोला.” त्या दिवसापासून दिनानाथांनी ती बोली सोडली. आवाज काढून बोलायला जावं तर कमी ऐकू येत असल्यामुळे फार मोठ्यानं निघे, आणि सगळे दचकून बघत. मग त्यांनी बोलणंच आवरतं घेतलं. उरला एक शब्द, “पाहू.” घराला रंग काढायचा का, पाहू. पूर्णिमानं कॉलेजबरोबर भोपाळला जायचं का, पाहू. भोपाळची तारीख येऊन गेली तरी ते पाहतच होते. आई सरळ नाही म्हणाली असती तर पूर्णिमा भांडली असती. पण ‘पाहू’शी भांडायचं कसं? म्हणून तो फॉर्म वहीतच राहिला होता.

गुरुवारी दुपारी ती, सुजय आणि वर्गातली अमिता राऊच्या पुढे गेले. अमिताचा भाऊ लग्नांची शूटिंग करायचा, त्याचा कॅमेरा तिनं एका दिवसापुरता मागून आणला होता. शूटिंग कुठून कसं घ्यायचं, ते ठरवायचं होतं. तिथली शेतं विकून प्लॉट पाडले होते. चुन्याच्या रेघांनी रस्ते आखलेले, कोपऱ्याकोपऱ्यावर नंबरचे दगड, आणि घर औषधालाही नाही. दोन वर्षांपूर्वी सुजयनं पूर्णिमाला गाडी शिकवली ती याच रस्त्यांवर. आईला यातलं काही माहीत नव्हतं.

सुजयनं दोन चकरा मारल्या, गाडी उभी केली, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, “एक सांगायचंय. पीथमपूरच्या फॅक्टरीचं लेटर आलंय. सोमवारी जॉइन व्हायचं.”

“मग पुढचा रविवार?” पूर्णिमानं विचारलं.

“रविवार-बिविवार काही नाही तिकडे. शिफ्ट लागते. तीन महिने सुट्टीचं नाव नाही काढायचं. काल दुकानात सेठजींना पण सांगून आलो.”

“अरे पण माझी फिल्म? सगळं प्लॅनिंग तुझ्यावर आहे. आता मी काय करू, दगडांची शूटिंग करू?”

“पुन्नी, मला नोकरी हवी होती. मिळाली. रॅली मजेत करत होतो यार, काय जीव टाकून थोडीच.” मग तो हसला. “आणि तू एवढी कशासाठी तडफडून राहिली, ते मला नको शिकवू. वळणावर कोण बरं चालवतं, ते मला माहितीये. गाडी घे. पण सही तू आण. बाबांशी मी नाही बोलणार.”

पूर्णिमाला त्याचा राग आला, त्याच्यासाठी आनंद झाला आणि स्वतःची लाज वाटली, हे तिन्ही एकदम झाल्यामुळे ती गाडीच्या टाकीवरची धूळ पुसत राहिली. अमिताला घरच्या कथेशी देणंघेणं नव्हतं, तिला ऊन जायच्या आत काहीतरी काढायचं होतं. “अगं, तूच बस ना गाडीवर दोन मिनिटं,” ती म्हणाली. “मला क्लोज-अपचं फोकस बघू दे. भिया, जरा बाजूला हो, सावली पडतेय.”

पूर्णिमा गाडीवर बसली. किक मारली, मूठ पिळली. इंजिनाचा आवाज छातीत भरला आणि आसपासचं सगळं बंद झालं, दादा, अमिता, चुन्याच्या रेघा, सगळं. एवढ्या आवाजात आपलं कोण ऐकणार, असा विचार करून ती कॅमेऱ्याकडे बघत मनात साठलेलं सगळं बोलून मोकळी झाली. मग गिअर टाकून तिनं प्लॉटच्या कडेनं अशी एक चक्कर मारली की सुजय तोंडात बोट घालून बघत राहिला. परत येईतो ती काय बोलली होती हे ती विसरूनही गेली होती.

टेप बघायची ठरली शुक्रवारी संध्याकाळी, पूर्णिमाच्या घरी. अमिताचा भाऊ दुकानात कोणाचं तरी लग्न एडिट करत होता, त्यामुळे तिनं एक जादाचा व्हिडिओ प्लेयर रिक्षात घालून आणला. सुजय दुकानात शेवटचा हिशेब द्यायला गेला होता. इंदुमती खिडकीशी मशीनवर बसली होती. दिनानाथ दार ते खिडकी करत होते. अमिता म्हणाली, “काका, बसा ना, सुजय भियाची शूटिंग आहे,” तेव्हा ते खुर्चीच्या कडेवर टेकले.

पडद्यावर सुजय आला. गाडी धुरळा उडवत गेली, वळली, परत आली. पण घरात आवाज होता तो फक्त शिवणाच्या मशीनचा.

अमितानं टीव्हीचा आवाज वाढवला. आणखी वाढवला. मग कपाळावर हात मारून घेतला. “गेलं भिया. बाहेरचा माईक खोचला आणि त्याचं बटणच चालू नाही केलं मी. वायर खोचली की कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक बंद होतो. साउंडच नाहीये पूर्ण टेपवर.”

पूर्णिमा चडफडली. हीरो गेला, आवाज गेला, सोमवारी मॅडमना दाखवायला राहिलं काय? तिचा पाय जोरात हलू लागला. एवढ्यात पडद्यावर तीच आली.

मशीन थांबलं. “ही गाडीवर काय करतेय?” इंदुमतीनं विचारलं.

“टेस्ट शॉट आहे काकू, नुसती बसवली होती,” अमिता म्हणाली.

पूर्णिमाचा चेहरा पडदाभर झाला. केस उडताहेत, मूठ पिळल्यानं खांदा थरथरतोय, आणि ओठ हलताहेत. सावकाश, एक एक शब्द सुटा, थेट समोर बघून. तेव्हा पूर्णिमाला आठवलं आपण काय बोललो होतो, आणि खुर्चीच्या कडेवर कोण बसलंय तेही. तिचा पाय थांबला. प्लेयर बंद करायला ती उठली, पण वाटेत अमिता वायरी धरून बसली होती.

बाबा पुढे झुकले होते. हनुवटी वर, डोळे बारीक. साठ पावलांवरचा साचा बघताना ते असेच दिसत असतील, असं तिला वाटलं. अडीच वर्षांत तिनं त्यांना कशाकडे एवढं लक्ष देऊन बघताना पाहिलं नव्हतं.

पडद्यावरची पूर्णिमा म्हणत होती, ‘दादा नाही, मला उतरायचंय. मला. सही कोण करणार? बाबा अजून मिलच्या गेटवरच उभे आहेत. त्यांना मी कुठे दिसते?’

मग गाडी निघून गेली, आणि पडद्यावर नुसता धुरळा उरला. दिनानाथ तशाच नजरेनं धुरळा बघत राहिले. पूर्णिमाला वाटलं, बोललो ते बोललो, निदान वाक्य तरी अर्धवट टाकायचं होतं. बाहेर पळून जावं तर दारही बाबांच्याच मागे होतं.

“काका,” अमिता म्हणाली, “पूर्णिमा सांगते तुम्ही ओठ वाचता म्हणून. काय म्हणतेय ती? मला लिहून द्या ना, मागाहून आवाज टाकता येईल.”

आईनं साडी मांडीवर घेतली होती आणि ती नवऱ्याकडे बघत होती.

“मामा,” दिनानाथ म्हणाले. आवाज नेहमीसारखा मोठा निघाला. “मामा गेटवर उभे आहेत, म्हणते.”

“कोण मामा?” इंदुमतीनं विचारलं. “आमचा श्रीकृष्ण? तो उज्जैनला आहे. तो कशाला कोणाच्या गेटवर उभा राहील?”

“राहतात,” दिनानाथ म्हणाले. “काही माणसं उभी राहतात.”

“काहीतरीच,” असं म्हणून इंदुमतीनं साडी पुन्हा सुईखाली घेतली. अमिता हिरमुसली, कारण मामा गेटवर उभे आहेत या वाक्याचा फिल्ममध्ये काय उपयोग करावा हे तिला समजेना. ती टेप मागे फिरवायला लागली.

पूर्णिमाला मात्र सगळं समजलं. ओठ तेच होते. बाबांनी एका शब्दाची जागा बदलली होती आणि तिची लाज आईसमोर झाकली होती. स्वतःची लाज स्वतःपासून झाकायला मात्र त्यांच्याकडे शब्द नव्हता. तिचे डोळे भरून आले. इतके दिवस जे ओझं तिला सहीचं वाटत होतं, ते आता निराळंच झालं. सही राहू दे, रॅली राहू दे, पण ते वाक्य परत घेता आलं पाहिजे, असं तिला झालं. आणि टेपवरचं वाक्य परत घेता येत नाही.

मशीन चालू झालं, खडखड खडखड. दिनानाथांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग अडीच वर्षांनंतर त्यांचे ओठ आवाज न काढता हलले.

‘बाबांना दिसतं.’

मामांना की बाबांना, हे तिला मागचं-पुढचं बघून ठरवावं लागलं नाही.

‘फॉर्म आण,’ ते म्हणाले.

आपण फॉर्म आणला आहे हे त्यांना कसं कळलं, हे विचारायचं तिला सुचलं नाही. जो माणूस सगळ्या घरात फेऱ्या मारतो त्याला सगळं घर माहीत असतं, हे तिच्या ध्यानात नंतर आलं. तिनं वहीच्या शेवटच्या पानातून घडी काढली आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. दिनानाथांनी खिशातलं पेन काढलं. गेटवर निवेदनांवर सह्या करायला ते पेन रोज जवळ बाळगत. आधी त्यांनी पेन्सिलीतल्या नावावरून शाई फिरवली, एक एक अक्षर, काना-मात्रा धरून, पूर्णिमा दिनानाथ शेलार. मग खाली रकान्यात सही केली. छापलेली अट त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचली, काही झाल्यास जबाबदारी आमची. पण सही खोडली नाही, पेन परत खिशात ठेवलं.

“काय लिहून राहिलेत?” इंदुमतीनं मान वर न करता विचारलं.

“कॉलेजचं,” दिनानाथ म्हणाले.

फॉर्म त्यांनी लगेच दिला नाही. हातात धरून ठेवला आणि तिच्याकडे बघत पुन्हा नुसते ओठ हलवले. ‘वळणावर कोण बरं? दादा की तू?’

पूर्णिमानं ओठ मिटले आणि उघडले. ‘मी.’

दिनानाथांनी मुद्दाम कपाळाला आठी घातली. ओठ मिटले एवढं दिसलं, पी की बी की मी ते काही लागलं नाही, असा चेहरा केला, आणि फॉर्म आपल्या छातीशी ओढून घेतला. लहानपणी ओठ नीट हलले नाहीत की ते हाच खेळ करत. त्यांच्या डोळ्यांत ते जुनं हसू होतं, पण ते थट्टा करत नव्हते. त्यांना उत्तर हवं होतं.

पूर्णिमाला मॅडमची एक ओळ आठवली. सात वेळा आराखडा लिहून जी सापडली नव्हती ती ओळ एकाच अक्षराची होती. तिनं आईच्या पाठीकडे पाहिलं, आणि आवाज काढून, जरा मोठ्यानंच, म्हणाली, “मी.”

शिवणाचं मशीन थांबलं. आईनं मान वर केली.